एसटीच्या दिवशी राहून जाणारी गोळी

पत्राचा सारांश : पत्र लिहिणाऱ्या ताई ५१ वर्षांच्या, सातारा जिल्ह्यात डोंगरातल्या एका प्राथमिक शाळेत शिक्षिका. नऊ वर्षांपूर्वी बीपी वाढलेलं निघालं, छातीत धडधडही होत असे. तेव्हापासून तालुक्याच्या गावातले फॅमिली डॉक्टर, ज्यांना त्या डॉक्टरकाका म्हणतात, त्यांच्या सल्ल्याने रोज सकाळी एकच गोळी : अॅटेनोलॉल ५० मिलिग्रॅम आणि क्लोरथॅलिडोन हे लघवीचं औषध १२.५ मिलिग्रॅम एकत्र. गेले सहा महिने डॉक्टरकाकांकडे मोजलेलं बीपी १५० च्या वर येतंय. मुलाच्या आग्रहाखातर त्या साताऱ्याला नव्या डॉक्टरांकडे गेल्या. तिथे बीपी १५८/९६ आणि एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.१ निघाली. नव्या डॉक्टरांनी ‘ही जोडी जुनी झाली, शुगर वाढवते, बंद करा’ असं सांगून टेल्मिसार्टन आणि अॅम्लोडिपिन लिहून दिलं. डॉक्टरकाकांना न विचारता औषध बदलणं ताईंच्या जिवावर आलं. नव्या गोळ्या आणल्या पण फोडल्या नाहीत, आणि जुनी गोळी मात्र बंद केली. चौथ्या दिवशी धडधड, घाम, नाडी ११२. घाबरून त्यांनी जुनी गोळी परत सुरू केली, तीही ‘बेतानं’ म्हणून अर्धी. आईला मधुमेह होता. ताई विचारतात : दोघांपैकी कुणाचं ऐकू? नऊ वर्षं मी चुकीचं औषध घेत होते का?

ताई,

आधी आजचं बोलू. अर्धी गोळी हा निर्णय तुमच्या दोन डॉक्टरांपैकी एकाचाही नाही. तेव्हा हे वाचून झाल्यावर डॉक्टरकाकांना फोन लावा, घडलं ते सांगा आणि आजपासून किती घ्यायची ते विचारून घ्या. मधल्या काळात छातीत दुखलं, दम लागला किंवा डोळ्यांसमोर अंधारी आली, तर फोन नाही, थेट दवाखाना. रात्र असेल तर १०८ ला बोलवा.

चौथ्या दिवशी जे झालं त्याला ‘मनाचे खेळ’ म्हणू नका. अॅटेनोलॉल हा बीटा ब्लॉकर. अॅड्रेनलिन हृदयाला जो ‘पळ, पळ’ असा हुकूम देतं, तो हा अडवतो. वर्षानुवर्षं तो अडवला गेला की हृदय त्या हुकमाला जास्तच हळवं होऊन बसतं. कुणी दार आतून लावून धरलंय आणि बाहेरचा माणूस जोर लावून ढकलतोय, अशा वेळी धरणारा एकदम बाजूला झाला तर काय होईल? तुमची ११२ ची नाडी तेच होतं. ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झाल्यात, त्यांना अशा एकदम थांबवण्यातून हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. म्हणून बीटा ब्लॉकर बंद करायचा असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, डोस टप्प्याटप्प्याने उतरवत, साधारण एक-दोन आठवडे घेऊन. ‘बंद करा’ एवढ्या दोन शब्दांत ते मावत नाही. नव्या डॉक्टरांनी हे सांगितलं असेल आणि गडबडीत तुमच्या ऐकण्यात आलं नसेल, किंवा खरंच राहून गेलं असेल. दोन्ही होतं.

आता तुमच्या प्रश्नाकडे. तुमच्या चार पानी पत्रात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. तुम्ही लिहिता : ‘साताऱ्याला जायच्या दिवशी अर्थातच गोळी घेतली नव्हती, दोन तास एसटीत काढायचे होते.’ तो ‘अर्थातच’ वाचून मी पत्र खाली ठेवलं. मागच्या पानावर परत गेले तर तिथे आणखी एक : तालुक्याला शिक्षकांची मीटिंग असते त्याही दिवशी तुम्ही गोळी घेत नाही, आणि डॉक्टरकाकांकडे डोकावता तेही नेमकं मीटिंगच्याच दिवशी, कारण तेव्हाच तुमचं तालुक्याला जाणं होतं.

म्हणजे बघा. सहा महिन्यांतलं तुमचं जवळजवळ प्रत्येक वाढलेलं बीपी गोळी न घेतलेल्या दिवशीचं आहे. एका डॉक्टरांनी त्यावरून ठरवलं की औषध लागू पडत नाही. दुसरे कदाचित पुढच्या वेळी डोस वाढवतील. गोळी पोटात गेल्यावर तुमचं बीपी किती असतं, हे आजघडीला कुणालाच माहीत नाही. त्यांनी विचारायला हवं होतं, हे खरं. पण स्टँडवरच्या स्वच्छतागृहाची अवस्था, शाळेतल्या एकुलत्या एका संडासातलं नसलेलं पाणी आणि घाटात मध्येच थांबायला न मिळणारी गाडी, हे पुरुष डॉक्टरांच्या प्रश्नांच्या यादीत सहसा नसतं. माझ्याकडे येणाऱ्या बायकांमध्ये लघवीची गोळी ‘चुकते’ त्याचं कारण बहुतेक वेळा विसरणं नसतंच. शिक्षिका, आशाताई, बाजाराला जाणाऱ्या भाजीवाल्या, सगळ्यांचं कारण प्रवास. सांगायची मात्र लाज वाटते. त्यापेक्षा ‘विसरले’ म्हणणं सोपं.

आणि यात एक विचित्र गंमत आहे. तुमच्या गोळीत दोन औषधं आहेत, पण त्यांची चाल सारखी नाही. अॅटेनोलॉलचं रक्तातलं प्रमाण सहा-सात तासांत निम्मं होतं. क्लोरथॅलिडोनला तेवढंच उतरायला ४० ते ६० तास लागतात. म्हणजे तुम्ही एक दिवस गोळी टाळता तेव्हा लघवीचं औषध अंगात बरंचसं शिल्लक असतं, आणि संपतं ते हृदयाला आवर घालणारं. ज्याच्यापासून पळायचं होतं ते सोबत एसटीत बसतं, आणि जे हवं होतं ते घरी राहतं.

दुसरं म्हणजे, ही गोळी नियमित घेणाऱ्यांना लघवीचा जोर पहिल्या काही आठवड्यांतच जास्त जाणवतो. मग शरीर नवा हिशोब जुळवून घेतं, रोजचं प्रमाण जवळपास पूर्वीसारखं होतं, आणि पुढे बीपी उतरलेलं राहतं ते मुख्यतः रक्तवाहिन्या सैल राहिल्यामुळे. जो घेतो-सोडतो, त्याच्या अंगात मधल्या दिवसांत मीठ-पाणी साठतं आणि पुढच्या गोळीला ते बाहेर पडायला बघतं. तुमची पंचाईत संपत नाही त्याचं एक कारण हे टाळणंही असू शकेल.

मग करायचं काय? गोळी सकाळीच घेतली पाहिजे असं कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं नाही. ब्रिटनमध्ये २१,००० हून जास्त लोकांवर झालेल्या ‘टाइम’ नावाच्या अभ्यासात बीपीच्या गोळ्या सकाळी आणि संध्याकाळी घेणाऱ्यांची तुलना केली. २०२२ मध्ये निकाल आला : हृदयविकार आणि पक्षाघाताच्या बाबतीत दोन्हीत फरक नाही. रोज घेणं मोलाचं. शाळेतून घरी आल्यावर, पाचच्या चहाबरोबर घेतली तर काय, हा प्रश्न तुम्ही डॉक्टरकाकांना विचारा. झोपायच्या वेळी मात्र नको, नाहीतर रात्री दोनदा उठणं आलं, आणि अंधारात उठून पडलेल्या बायका मी पुष्कळ पाहिल्यात. शिवाय दोन औषधं वेगवेगळ्या गोळ्यांतही मिळतात. एका गोळीतली जोडी सोयीची खरी, पण एक टाळलं की दुसरं आपोआप टळतं, ही तिची खोट.

आता ‘नऊ वर्षं चुकीचं औषध’ याबद्दल. ही जोडी कुणी डोळे मिटून बनवलेली नाही. लघवीच्या औषधाने शरीरातलं जास्तीचं मीठ-पाणी जातं. शरीराला मात्र ते आवडत नाही. मूत्रपिंडं रेनिन सोडतात, त्यातून रक्तवाहिन्या आवळणारी आणि मीठ धरून ठेवणारी साखळी सुरू होते. बीटा ब्लॉकर मूत्रपिंडातलं हेच रेनिन कमी करतो, शिवाय हृदयाचे ठोके मंदावतो. एकाने काढलेल्या कामात शरीर जो अडथळा आणतं तो दुसरा दूर करतो, म्हणून दोन्ही थोड्या थोड्या मात्रेत दिली तरी परिणाम चांगला येतो.

आणि इतिहासही थोडा लक्षात घ्या. थायझाइड या लघवीच्या औषधांच्या गटातलं पहिलं औषध १९५८ च्या सुमाराला आलं. त्याआधी अंगातलं पाणी काढायला पाऱ्याची इंजेक्शनं देत, चक्क पाऱ्याची. साठच्या दशकात स्कॉटलंडच्या जेम्स ब्लॅक यांनी प्रोप्रॅनोलॉल हा बीटा ब्लॉकर शोधला. त्यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. या दोन घराण्यांवर जगातल्या बीपीच्या उपचारांची एक अख्खी पिढी पोसली.

मग बीटा ब्लॉकरचं आसन हललं ते २००० नंतर. २००५ मध्ये ‘अॅस्कॉट’ या अभ्यासाचा निकाल आला. ब्रिटन, आयर्लंड आणि उत्तर युरोपातले १९,२५७ लोक. निम्म्यांना अॅटेनोलॉल आणि गरजेप्रमाणे थायझाइड, म्हणजे तुमच्या गोळीची चुलत बहीण. उरलेल्यांना अॅम्लोडिपिन आणि गरजेप्रमाणे पेरिन्डोप्रिल. दुसऱ्या गटात पक्षाघात सुमारे २३ टक्क्यांनी कमी झाले आणि नव्याने मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी. त्याच्या तीन वर्षं आधी ‘लाइफ’ या अभ्यासात लोसार्टन आणि अॅटेनोलॉल यांच्या तुलनेतही काटा अॅटेनोलॉलच्या विरुद्ध बाजूला झुकला होता. २००६ मध्ये उपचारांच्या सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने बीटा ब्लॉकर साध्या बीपीच्या पहिल्या निवडीतून काढले. तुमचे नवे डॉक्टर शिकले ते हेच, आणि ते बरोबर शिकले.

पण पुस्तक तिथे मिटत नाही. युरोपियन हायपरटेन्शन सोसायटीच्या २०२३ च्या सूचनांत बीटा ब्लॉकर मुख्य पाच गटांत पुन्हा मानाने बसलेत. आणि अंजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं), झटका येऊन गेलेले, हृदयाचे काही प्रकारचे निकामीपण, ठोक्यांची अनियमितता, अशा रुग्णांच्या बाबतीत तर त्यांची जागा कुणी घेतलीच नव्हती. क्लोरथॅलिडोनवर तर कुणी बोटही ठेवलेलं नाही. महाराष्ट्रासह पाच राज्यांत २०१७ मध्ये सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या सरकारी उपक्रमात अॅम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टनच्या बरोबरीने तेही आहेच.

म्हणून ‘जुनं’ हा आरोप मला पुरेसा वाटत नाही. मी विचारेन : नऊ वर्षांपूर्वी ही गोळी तुम्हाला कशासाठी दिली होती, आणि ते कारण आज आहे का?

तुम्हीच लिहिलंय की तेव्हा धडधड होत होती. आणि आणखी एक वाक्य, तेही जाता जाता : ‘पूर्वी अर्धशिशीनं हैराण होते, आता कित्येक वर्षांत नाही.’ ताई, बीटा ब्लॉकर अर्धशिशी येऊ नये म्हणूनही देतात. अॅटेनोलॉलचाही तसा वापर होतो. तुमची अर्धशिशी वयाने गेली असेल. किंवा ती कुठेच गेली नसेल, गोळीच्या दाराबाहेर उभी असेल. डॉक्टरकाकांनी एका गोळीत बीपी, धडधड आणि डोकेदुखी तिन्ही बसवली असतील, तर त्यांची निवड चुकीची सोडा, चांगली होती. नव्या डॉक्टरांना तुम्ही अर्धशिशीचं सांगितलंत का? पत्रावरून तरी नाही असं दिसतं.

दुसऱ्या बाजूला तुमची ६.१. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या उंबरठ्याचा पट्टा. आईला मधुमेह, वय पन्नाशीपार. अॅटेनोलॉल आणि थायझाइडसारखं औषध दोन्ही साखर थोडी वर ढकलतात, एकत्र असली की जास्त. लघवीच्या औषधाच्या बाबतीत त्यात पोटॅशियमचाही हात असतो. ते कमी झालं की स्वादुपिंड इन्शुलिन सोडायला कुचराई करतं. तुमच्या रिपोर्टमध्ये साखर आहे, कोलेस्टेरॉल आहे, पण सोडियम, पोटॅशियम आणि मूत्रपिंडांचं काम दाखवणारं क्रिएटिनिन नाहीत. नऊ वर्षं लघवीचं औषध चालू असलेल्या माणसाच्या फायलीत ही तीन नसावीत, याचं मला वाईट वाटलं. ते डॉक्टरकाकांना माझ्या वतीने खुशाल सांगा. रात्री पायात गोळे येतात असंही तुम्ही लिहिलंय, तेव्हा पोटॅशियम तर नक्की बघा.

माझा कल विचाराल तर असा. पहिले दोन आठवडे कुणीच काही बदलू नये. डॉक्टरकाका सांगतील तो डोस, रोज, ठरल्या वेळी, एसटी असो वा नसो. घरी दंडाला बांधायचं मशीन आणा, मनगटाचं नको. शेवटचे सात दिवस सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी, पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसून, दंड छातीच्या पातळीवर ठेवून, दोन-दोन वेळा मोजा. शेजारी नाडीही लिहा. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी १३५/८५ च्या खाली आली, तर ‘औषध लागू पडत नाही’ हा मुद्दाच निकालात निघाला. उरेल फक्त साखरेचा, आणि त्याला घाई नाही.

तिथून वाटा निघतात. अर्धशिशी खरंच संपलेली असेल आणि हृदयाचं दुसरं काही कारण नसेल, तर मी नव्या डॉक्टरांच्या बाजूची : टेल्मिसार्टन आणि अॅम्लोडिपिनकडे जावं, अॅटेनोलॉल हळूहळू उतरवत. दर टप्प्याला नाडी मोजत. डोकेदुखी परतली तर लगेच कळवावं. अर्धशिशी किंवा धडधड मागे लागलीच, तर बीटा ब्लॉकर ठेवून त्यातला साखरेला कमी त्रास देणारा, उदाहरणार्थ नेबिव्होलॉल, निवडता येतो का आणि लघवीच्या औषधाऐवजी टेल्मिसार्टन जोडता येतं का, हे दोघांपैकी कुणालाही विचारण्यासारखं आहे. अर्धशिशीसाठी नेबिव्होलॉलचा अनुभव इतर बीटा ब्लॉकरांइतका जुना नाही, हे त्यात धरावं लागेल. आणि पोटॅशियम ठीक असेल, वजन तीन-चार किलो उतरलं, पुढची एचबीए१सी खाली आली, तर आहे तीच जोडी वर्षभर चालू ठेवणं हाही वेडेपणा नाही. नव्या औषधांनाही आपले स्वभाव आहेत. अॅम्लोडिपिनने घोट्यांना सूज येते. ती पाणी साठल्याची नसते, रक्तवाहिन्या सैल झाल्याची असते. त्या सुजेवर कुणी परत लघवीची गोळी दिली, तर तुम्ही फिरून एसटी स्टँडवर.

डॉक्टरकाकांचं मन दुखावेल ही तुमची भीती मला कळते. नऊ वर्षं ज्याने मुलांच्या तापापासून सासूबाईंच्या शेवटच्या आजारापर्यंत सगळं पाहिलं, त्याच्यापुढे दुसऱ्याची चिठ्ठी ठेवणं सोपं नाही. पण तुम्ही त्यांच्यापासून दोन गोष्टी लपवताय, आणि नवी चिठ्ठी त्यातली लहान आहे. मोठी ही की गोळी तुम्ही नियमित घेत नाही. ती सांगितली तर चिठ्ठीचं त्यांना फारसं काही वाटणार नाही, असा माझा अंदाज. तोंडाने जमत नसेल तर कागदावर लिहून द्या : ‘प्रवासाच्या दिवशी लघवीच्या भीतीने गोळी घेत नाही. महिन्यातून साधारण आठ-दहा दिवस.’ डॉक्टरांना असा कागद सोन्यासारखा असतो.

तुमच्यासारखी जोडगोळी घेणारे वाचक पुष्कळ असतील, त्यांच्यासाठी थोडं. दमा असेल किंवा कधी होता, तर बीटा ब्लॉकर सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा. छाती आवळू शकते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर साखर एकदम उतरल्यावर होणारी धडधड बीटा ब्लॉकरमुळे जाणवत नाही. घाम मात्र सुटतो, त्या घामाकडे लक्ष ठेवा. नाडी ५० च्या खाली आणि सोबत गरगरणं, हे कळवण्यासारखं. गाउटची सांधेदुखी असणाऱ्यांचं युरिक अॅसिड लघवीच्या औषधाने वाढतं. जुलाब-उलट्या होत असतील किंवा मे महिन्याच्या उन्हात दिवसभर शेतात घाम गाळावा लागत असेल, तर त्या दिवसांपुरतं लघवीच्या औषधाचं काय करायचं ते आधीच विचारून ठेवा. मेडिकलमधून सहज आणलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या बीपी वाढवतात, आणि टेल्मिसार्टन व लघवीच्या औषधाच्या जोडीला घेतल्या तर मूत्रपिंडांवर बेततं. दिवस राहण्याची शक्यता असेल त्यांनी टेल्मिसार्टनच्या गटातली औषधं घेऊच नयेत.

आणि घरातल्या आज्या. माझ्याकडे एका आजींना सुना ‘आता विसरभोळ्या झाल्यात, चालताना झोकांड्या जातात’ म्हणून घेऊन आल्या होत्या. दीड महिन्यापूर्वी लघवीची गोळी सुरू झाली होती. रक्तातलं सोडियम फार उतरलं होतं. उपचार झाले, गोळी बदलली, आणि पंधरा दिवसांत आजी सुनांच्या चुका काढायला लागल्या. बारीक अंगाच्या म्हाताऱ्या बायकांत हे जास्त दिसतं. गोळी सुरू झाल्यावर दोन ते चार आठवड्यांत सोडियम-पोटॅशियम तपासलं की वेळेत कळतं.

मिठाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण डब्यातला ठेचा, पापड आणि मधल्या सुट्टीतलं फरसाण पत्रात आहेच. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर मीठ, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मीठ कमी केलं की बीपीच्या बहुतेक औषधांना हात मिळतो. ‘लो सोडियम’ मीठ मात्र टेल्मिसार्टन सुरू होणार असेल तर विचारल्याशिवाय आणू नका, त्यात पोटॅशियम असतं.

शेवटी तुम्ही विचारलंय, घरात आता दोन्ही प्रकारच्या गोळ्या आहेत, त्यातल्या कुठल्या टाकून देऊ? सध्या कुठल्याच नाही. पण दोन्ही एकाच डब्यात ठेवू नका. चुकून दोन्ही घेतल्या तर बीपी इतकं उतरेल की फळ्यासमोर उभं राहणं अवघड होईल. नवं पाकीट न फोडता एका पिशवीत घाला, त्यात जुनी स्ट्रिप, बीपीची वही आणि तो कागद ठेवा. ती पिशवी डॉक्टरकाकांकडे न्या, मग साताऱ्याला. आणि त्या दोन्ही दिवशी ठरल्या वेळेची गोळी चुकवू नका. एसटीत बसण्याआधी स्टँडवर पाच मिनिटं जास्त लागली तर लागू देत.